करडू जगले पाहिजे

सातपुड्याच्या पाड्यांवर मांसासाठी पाळले जाणारे जनावर म्हणजे बकरी. गोवंशाच्या कत्तलीवर राज्यात मार्च २०१५पासून पूर्ण बंदी आहे, त्यामुळे लाल मांसाच्या उत्पादनवाढीची चर्चा नंदुरबार जिल्ह्यात करायची तर ती बकरीपासूनच सुरू करावी लागते. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या साधारण साडेसोळा लाख आणि त्यातले जवळपास सत्तर टक्के आदिवासी. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा कुटुंबांच्या अंगणात दोन-चार, फार तर आठ-दहा बकऱ्या असतात. दवाखान्याचा खर्च, बियाणे, लग्न, मुलाच्या वसतिगृहाचे सामान, असे काही निघाले की त्यातली एक बाजाराची वाट धरते. आता या बकरीचे उत्पादन वाढवायचे म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच उपाय येतो: बाहेरून दांडगी जात आणा, संकर करा, वजन वाढवा. संशोधन म्हणजे नवी जात, अशी आपली समजूतच होऊन बसली आहे. नंदुरबारच्या डोंगरात मात्र ही समजूत उलटी पडते. तिथे संशोधकांनी एकत्र येऊन सोडवायचा पहिला प्रश्न जन्मलेले करडू जगवण्याचा आहे, आणि तो सोडवताना बकरी पाळणाऱ्या बाईला संशोधनात भागीदार करून घेतल्याशिवाय कुठलीही मोठी संस्था पुढे जाऊ शकणार नाही.

आधी हिशेब पाहू. बकरी पाच महिने गाभण राहते. चारापाणी बरे असेल तर दोन वर्षांत तीनदा विते आणि जुळी करडे होणे तिच्यात नेहमीचेच. उदाहरणासाठी पाच बकऱ्यांचे घर धरा. दर वेताला सरासरी दीड करडू धरले तर दोन वर्षांत बावीस करडे जन्माला येतात. त्यातली सात पहिल्या तीन-चार महिन्यांत दगावली आणि उरलेली पंधरा बारा-बारा किलोची असताना विकली, तर घरातून १८० किलो जिवंत वजन बाजारात गेले. आता बकऱ्या त्याच, बोकडही तोच. फक्त सातऐवजी दोनच करडे दगावली, आणि जंत व हगवणीने न खंगल्यामुळे विकताना प्रत्येकी पंधरा किलो भरली, असे समजा. वीस करडांचे ३०० किलो झाले. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, पण त्यांच्यातला संबंध खरा आहे. नवी जात न आणता उत्पादन दीडपटीच्या वर गेले, आणि बकऱ्यांची संख्या एकानेही वाढली नाही. २०१९च्या पशुगणनेत महाराष्ट्रात १ कोटी ६ लाख शेळ्या मोजल्या गेल्या आणि राज्य देशात सहाव्या क्रमांकावर आले. संख्या वाढल्याचा आपल्याला आनंद होतो. एका बकरीमागे वर्षाला किती करडे जगली, हा आकडा मात्र कुणी सहसा विचारत नाही.

संस्थांनी एकत्र येऊन केलेल्या संशोधनाचे महाराष्ट्रातले सर्वांत चांगले उदाहरण फलटणचे आहे, आणि ते तपशिलाने समजून घेण्यासारखे आहे. बनबिहारी निंबकर यांनी १९६८मध्ये फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली. दख्खनी मेंढी कोरड्या पठारावर मैलोन् मैल चालते, काटक असते, पण एका वेताला तिला बहुधा एकच कोकरू होते. धनगराचा नफा त्या एका कोकरावर अडकलेला. दुसरीकडे बंगालच्या सुंदरबनात गारोळ नावाची अगदी लहानखुरी मेंढी आहे, जेमतेम दहा-पंधरा किलोची. दलदलीत पाण्यात उभी राहून चरते आणि सहज दोन, कधी तीन कोकरे देते. तिच्या या गुणाचा माग ऑस्ट्रेलियापर्यंत जातो. न्यू साउथ वेल्समधल्या कूमा गावाजवळ बुरूला नावाच्या मेंढवाड्यात जुळी-तिळी देणाऱ्या मेरिनो मेंढ्या होत्या. तिथल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने १९५८पासून त्यांचा अभ्यास सुरू केला. पुढे हेलन न्यूटन टर्नर या संशोधिकेने जुनी कागदपत्रे धुंडाळून, अठराव्या शतकाच्या शेवटी कलकत्त्याहून जहाजाने नेलेल्या बंगाली मेंढ्यांशी या गुणाचा संबंध असावा, असे दाखवले. २००१मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या गटांनी तो नेमका जनुकीय बदल शोधून काढला आणि गारोळ मेंढीतही तोच बदल सापडला. दोनशे वर्षांपूर्वी इथून गेलेला गुण ओळखण्याची हत्यारे तिथे तयार झाली होती. ती परत आणून दख्खनच्या कामाला लावायची होती.

निंबकर संस्था, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियातली न्यू इंग्लंड व मेलबर्न ही विद्यापीठे यांनी हे काम मिळून केले. पैसा मुख्यतः ऑस्ट्रेलियन सरकारच्या एसीआयएआर या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन केंद्राने दिला. ऑस्ट्रेलियाला त्यात स्वतःचाही स्वार्थ होता. गारोळ मेंढी जंतांना कितपत दाद देत नाही, हे त्यांना आपल्या मेंढ्यांसाठी जाणून घ्यायचे होते. अडचण अशी की गारोळशी संकर केला की जुळी होतात, पण अंग लहान होते आणि ते कुठल्याच धनगराला परवडणारे नाही. म्हणून संकरित पिल्लांचा पुन्हा पुन्हा दख्खनीशी संकर करायचा आणि दर पिढीत रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत तपासून, जुळ्यांचा गुण ज्यांच्यात उतरला आहे तेवढीच पिल्ले पुढच्या पैदाशीला ठेवायची, असा मार्ग घेतला गेला. गारोळचा अंश घटत गेला, तो एक गुण टिकला. त्यातून उभ्या राहिलेल्या कळपाला ‘नारी सुवर्णा’ हे नाव मिळाले. हा गुण आलेल्या मेंढीला दर वेताला सरासरी एकाच्या जागी दीडच्या आसपास जिवंत कोकरे होऊ लागली. नोव्हेंबर २००८मध्ये पुण्यात भरलेल्या कार्यशाळेत या सगळ्या कामाचा लेखाजोखा अनेक देशांच्या संशोधकांपुढे मांडला गेला. संस्थेच्या पशुसंवर्धन विभागाच्या प्रमुख डॉ. चंदा निंबकर त्या कार्यशाळेच्या ग्रंथाच्या एक संपादक आहेत आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या डॉ. विद्या गुप्ताही.

या कामातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट प्रयोगशाळेतली नाही. संस्थेने आपले मेंढे फक्त स्वतःच्या वाड्यात ठेवले नाहीत. ते धनगरांच्या कळपात दिले, मेंढ्यांच्या कानाला बिल्ले मारले आणि कोकरे कधी झाली, किती झाली, किती जगली, केवढ्याला गेली, याची नोंद धनगरांच्या कळपातच ठेवली. जुळ्यांना आईचे दूध पुरत नाही, चालत्या कळपात दुबळे कोकरू मागे पडते, आणि अधिक कोकरे म्हणजे अधिक चारा, हे सगळे तिथेच कळले. गुण जनुकात होता. नफा होईल की नाही हे राखणीवर, औषधपाण्यावर आणि बाजारावर ठरत होते. एका जनुकाच्या मागे लागलेल्या माणसांनाही शेवटी कोकरू जगवण्याच्या प्रश्नापाशीच यावे लागले. नंदुरबारची बकरी तर तिथूनच सुरुवात करते, कारण जुळी देण्याचा गुण तिच्याकडे आधीच आहे. फलटणला प्रश्न ‘दुसरे कोकरू आणायचे कुठून’ असा होता. नंदुरबारच्या डोंगरात, धडगाव-मोलगीकडे, तो ‘झालेली दोन्ही करडे वाचवायची कशी’ असा आहे. म्हणून फलटणहून उत्तर उचलून चालणार नाही. आपल्याच जनावराचा प्रश्न आधी नीट ओळखायचा, ही तिथली पद्धत मात्र जशीच्या तशी घेण्याजोगी आहे.

करडू मरते कशाने? पहिल्याच तासापासून सुरुवात करू. माणसाच्या बाळाला आईच्या पोटातच काही रोगप्रतिकारक द्रव्ये मिळतात. करडाला ती मिळत नाहीत, कारण बकरीची वार ती पलीकडे जाऊ देत नाही. ती सारी शिदोरी चिकात असते, आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांतच करडाचे आतडे ती जशीच्या तशी शोषून घेऊ शकते. एका दिवसात हे दार बंद होते. म्हणून पहिल्या तासात चीक आणि दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक पोटात जायला हवा. दोन किलोच्या करडाला २०० मिली, एवढेच. अनेक घरांत वार पडेपर्यंत करडाला आईला लागू देत नाहीत किंवा चीक बाधतो म्हणून काढून टाकतात. यात औषध लागत नाही, खर्च येत नाही. नाळेला आयोडीन लावायला लागेल तेवढाच. तरीही ही गोष्ट पत्रक छापून पाड्यावर पोहोचत नाही. शेजारच्या बाईने आपल्या बकरीवर करून दाखवली तर पोहोचते.

त्यानंतर येतात रोग, आणि त्यांत सर्वांत भयंकर पीपीआर. नाक-डोळे वाहणे, तोंडात फोड, ताप, पातळ हगवण आणि पाच-सहा दिवसांत निम्मा कळप आडवा. भारतात हा रोग पहिल्यांदा १९८७मध्ये तमिळनाडूत ओळखला गेला. त्याच्यावरची लस भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेच्या मुक्तेश्वर केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी इथल्याच विषाणूपासून तयार केली. एकदा टोचली की निदान तीन वर्षे संरक्षण मिळते. जागतिक अन्न व कृषी संघटना आणि जागतिक पशुआरोग्य संघटना यांनी २०३०पर्यंत हा रोग जगातून नाहीसा करण्याचे लक्ष्य ठेवले आहे. लस आहे, लक्ष्य आहे. आडवा येतो तो धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांचा भूगोल. इथली घरे गावठाणात दाटीने नाहीत, टेकडीटेकडीवर विखुरलेली आहेत. नर्मदेच्या काठच्या काही वस्त्या तर बोटीनेच गाठाव्या लागतात. लसीची बाटली बर्फात न्यावी लागते आणि एकदा द्रावण मिसळले की दीड-दोन तासांत संपवावी लागते. पन्नास किंवा शंभर मात्रांची बाटली फोडायची तर तेवढ्या बकऱ्या एका वेळी एका जागी आल्या पाहिजेत. दवाखान्यातला एकटा पर्यवेक्षक मोटारसायकलवर हे कसे जमवणार?

हाच पेच जगाने एकदा सोडवलेला आहे. गुरांची बुळकांडी २०११मध्ये पृथ्वीवरून संपल्याचे जाहीर झाले. देवीनंतर माणसाने संपवलेला हा दुसराच रोग. शेवटच्या टप्प्यात बुळकांडी पूर्व आफ्रिकेतल्या दुर्गम, अशांत प्रदेशांत अडून बसली होती. तिथे सरकारी डॉक्टर पोहोचत नव्हते, वीज नव्हती, बर्फ नव्हता. तेव्हा संशोधकांनी उन्हाळी तापमानातही महिनाभर टिकणारी लस तयार केली आणि ती टोचायला गुराख्यांमधलीच माणसे शिकवून तयार केली. कुठला कळप कुठल्या महिन्यात कुठे असतो, कोणाच्या वासरांना काय झाले, हे त्यांना ठाऊक होते. जिथे वर्षानुवर्षे हात टेकले होते तिथला रोग काही वर्षांत आटोक्यात आला. प्रयोगशाळेने लस सुधारली आणि गुराख्याने ती पोहोचवली. दोघांपैकी एकाच्या बळावर ते काम झालेच नसते. नंदुरबारला यातून शिकायचे आहे ते हे की पाड्यातला माणूस हा संशोधनाचा अर्धा भाग आहे, ‘लाभार्थी’ म्हणून यादीत शेवटी लिहायचे नाव नव्हे.

पावसाळ्यात बकरी खंगते ती जंतांनी. चाबकासारखा बारीक, रक्त पिणारा एक जंत तिच्या पोटात राहतो. एक जंत दिवसाला ०.०५ मिलिलिटरएवढे रक्त पितो, म्हणजे हजार जंत पन्नास मिली; आणि एकेक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी लेंड्यांतून कुरणात टाकते. जंतनाशक सगळ्यांना सरसकट पाजले की औषधाला न जुमानणारे जंत तेवढे मागे उरतात आणि काही वर्षांत औषध निकामी होते. जगभर हे झाले आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या पशुवैद्यांनी यावर एक साधा तक्ता तयार केला, फामाचा या नावाचा. उन्हात उभे राहून बकरीची खालची पापणी अंगठ्याने अलगद खाली ओढायची आणि आतल्या पडद्याचा रंग तक्त्यावरच्या पाच रंगांशी ताडायचा. लालभडक असेल तर बकरी ठीक. गुलाबी फिकट होत पांढऱ्याकडे झुकला तर रक्त घटले आहे, तिलाच औषध द्यायचे. बाकीच्यांना नाही. वाचता येण्याची गरज नाही, रक्ताची तपासणी नाही, पावसाळ्यात पंधरवड्याला एकदा सगळ्या बकऱ्या पाहायला अर्धा तास लागतो. औषध वाचते, पैसा वाचतो, आणि कुठली बकरी वारंवार फिकी पडते हेही कळते, म्हणजे तिची पाट पुढच्या पैदाशीला ठेवायची नाही. असे हे संशोधन बाईच्या अंगठ्यापर्यंत उतरलेले आहे. उंचावर बांबूच्या पट्ट्यांची जमीन करून करडांना लेंड्या-मुतापासून दूर ठेवण्याचा उपायही याच तऱ्हेचा. सातपुड्यात बांबूची वाण नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो सरकारी योजनेच्या बाजूने. दहा शेळ्या आणि एक बोकड वाटण्याची योजना राज्यात आहेच, मग वेगळे काय हवे? वाटपाने कुटुंबाच्या दावणीला जनावर येते, यात शंका नाही. पण ते जनावर कुठले, हे पाहिले पाहिजे. महाराष्ट्राच्या नोंदणीकृत जाती चार: उस्मानाबादी, संगमनेरी, बेरारी आणि कोकण कन्याळ. त्यांतल्या एकीचेही घर सातपुडा नाही. शेजारी दक्षिण गुजरातेत सुरती आहे. डोंगरात आहेत त्या बहुतेक गावठी. कोरड्या पठारावर वाढलेली उस्मानाबादी धडगावच्या पावसात, उतारावर, वेगळ्या पाल्यावर कशी राहते, किती करडे जगवते, हे मोजल्याशिवाय तिचे वाटप करत राहणे म्हणजे कुटुंबाच्या जिवावर प्रयोग करणे, आणि तोही नोंद न ठेवता. बोअरचेही तसेच. ही मूळची दक्षिण आफ्रिकेतली जात. फलटणच्या संस्थेनेच ती भारतात आणण्यात पुढाकार घेतला. तिची वाढ खरोखर वेगाने होते, पण ती वाढ भरपूर खुराकातून येते. शहादा-तळोद्याच्या तापीकाठच्या सपाटीवर ऊस, केळी, पपई आहे, पाण्याची सोय आहे. तिथे बांधून पाळणाऱ्याने बोअर संकर किंवा उस्मानाबादी जरूर करून पाहावी. डोंगरावर हिरवा चारा चार महिने. एकाच जिल्ह्यात ही दोन वेगळी राज्ये आहेत आणि दोघांना एकच जात लागू करणे चुकीचे ठरेल.

दुसरा आक्षेप जंगलाचा, आणि तो गंभीर आहे. बकरी कोवळी रोपे खाते, उघड्या टेकडीवर पुन्हा झाड उभे राहू देत नाही. सातपुड्याचे उतार आधीच उघडे पडलेले. तिथे बकरीचे उत्पादन वाढवायचे म्हणणे वनखात्याला पटणार नाही. पण वरचा हिशेब पुन्हा पाहा. उत्पादन वाढले ते बकऱ्या वाढवून नव्हे, मरणे कमी करून. किती करडे हाती लागतील याचा भरवसा नसतो म्हणूनच कुटुंब जास्त माद्या ठेवते. तो भरवसा आला तर कमी बकऱ्यांवर तेवढेच उत्पन्न मिळू शकते. मिथेन वायूबद्दलही हेच लागू पडते: करडू जगो की मरो, आई वर्षभर खाते आणि वायू सोडतेच, जगलेल्या करडामुळे तोच भार जास्त किलोंवर वाटला जातो. हे आपोआप होईल असे मी म्हणत नाही. चार बकऱ्यांवर भागते म्हटल्यावर कुणी आठ करील. त्याला उत्तर सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांकडेच आहे. कुठला उतार किती वर्षे बंद ठेवायचा, अंजन, शेवरी, बोर यांचा पाला कुठे वाढवायचा, हे ठरवण्याचा अधिकार २००६च्या कायद्याने त्यांना दिला आहे, आणि वनखात्याच्या चराईबंदीपेक्षा गावाने स्वतः ठरवलेली बंदी पाळली जाण्याची शक्यता अधिक.

तिसरा आक्षेप मनाला लागणारा आहे. कुपोषणासाठी ज्या जिल्ह्याचे नाव वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांत येते तिथे शहरांना मटण पुरवण्याच्या संशोधनावर वेळ आणि पैसा का घालवायचा? पाड्यावरचे कुटुंब बकरी रोज कापून खात नाही, हे खरे. कापते ती नवसाला, इंदलसारख्या पूजेला, पाहुण्याला. पण दिवाळीनंतर कोयता घेऊन गुजरातच्या साखर कारखान्यांकडे निघणाऱ्या कुटुंबाने उचल का घेतली, हे पाहिले तर बकरीचे मोल कळते. दोन करडे जास्त जगली तर उचल तेवढी कमी घ्यावी लागते, आणि एखादी आई मुलांसह घरी राहू शकते. मुलांच्या तोंडी जाणारा बकरीच्या दुधाचा पेला वेगळाच. प्राणी मारण्याविषयी ज्यांचा मूळ तात्त्विक विरोध आहे त्यांचा मी आदर करतो, पण हगवणीने तडफडून मरणाऱ्या करडाला वाचवण्याचे काम त्यांनाही परके वाटू नये.

मग हे सहकार्य कोणाचे? संस्थांची कमतरता नाही. कोळदा इथले कृषी विज्ञान केंद्र जिल्ह्यातच आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात संगमनेरी शेळीवर अखिल भारतीय समन्वित प्रकल्पातून काम चालते. शेळीसुधारणेचा हा प्रकल्प भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९७१मध्ये सुरू केला. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचे एक प्रक्षेत्र चाळीसगाव तालुक्यात बिलाखेडला आहे. नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची जुनी पशुवैद्यक महाविद्यालये मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळला. सगळीच इथून लांब. बायफ या स्वयंसेवी संस्थेने धडगाव तालुक्यात मका-ज्वारीच्या जुन्या वाणांची बियाणे बँक स्त्रियांच्या हाती देऊन चालवली आहे. बियाण्यात जमले ते बकरीत का जमू नये? याच बायफने आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेबरोबर २०११ ते २०१३ या काळात राजस्थानात उदयपूरच्या आदिवासी भागात आणि झारखंडमध्ये शेळीचा प्रकल्प केला होता. त्यात गावातलीच माणसे औषधपाण्यासाठी तयार केली गेली आणि पाळणारे, व्यापारी, पशुवैद्य यांना ठरावीक काळाने एकाच बैठकीत बसवले गेले. अरवली आणि सातपुडा यांत फार अंतर नाही. माणसेही एकमेकांना ओळखतील अशी.

व्यापाऱ्याला बैठकीत बसवण्याचे कारण साधे आहे. आठवडे बाजारात बकरी आजही नजरेच्या अंदाजावर विकली जाते. कंबरेवरून, पाठीच्या कण्यावरून हात फिरवून वजन सांगणारा व्यापारी आणि ते निमूट मान्य करणारी बाई. वाढवलेले तीन किलो वजन मोजलेच जात नसेल तर ते वाढवण्याचे संशोधन तिच्यासाठी झाले कशाला? पाड्यावर एक लटकता काटा आणि झोळी असली तरी बाजाराला निघण्यापूर्वी आपल्या बोकडाचे किलो तिला ठाऊक असतील. ऑस्ट्रेलियातली मांसाची संशोधन व्यवस्था जोरात चालते त्याचे एक मोठे कारण असे की तिथला पशुपालक विकलेल्या प्रत्येक जनावरामागे ठरावीक वर्गणी देतो आणि संशोधनासाठी सरकार तेवढीच भर घालते. पैसा त्याचा, म्हणून त्याला जाबही विचारता येतो. धडगावच्या बाईकडून वर्गणी मागणे योग्य नाही. पण २०१५पासून पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट मिळतो आणि उपजीविकेवर तो खर्च करता येतो. त्यातून पशुसखीचे, म्हणजे गावातच जनावरांचे औषधपाणी पाहणाऱ्या बाईचे मानधन, काटा, पापणीचा तक्ता आणि शीतपेटी ग्रामसभेने घेतली, तर विद्यापीठाच्या माणसाला उत्तरे द्यायला ग्रामसभेपुढे यावे लागेल. उमेद अभियान आणि महिला आर्थिक विकास महामंडळ (माविम) यांच्या बचतगटांतून पशुसखी राज्यात अनेक ठिकाणी काम करत आहेत. त्यांना फक्त औषध पाजणाऱ्या न समजता नोंद ठेवणाऱ्या संशोधन सहायक समजायला हवे, आणि त्या कामाचे वेगळे पैसे द्यायला हवेत.

नोंदीही फार नकोत: करडू कधी झाले, एक की दोन, पहिल्या तासात चीक मिळाला का, तीन महिन्यांनी जिवंत आहे का, गेले असेल तर कशाने, विकले तर किती किलोला. तीन पावसाळे अशी वही भरली तर सातपुड्यातल्या गावठी बकरीबद्दल आज कुठल्याच प्रक्षेत्रात नसलेली माहिती हाती येईल, आणि उत्तम करडे देणाऱ्या घरच्याच बोकडांची निवडही त्यातून करता येईल. लसीकरणाचे वेळापत्रकही त्याच वहीवर बसवावे लागेल. दिवाळी ते होळी बरीच घरे स्थलांतरात असतात, बकऱ्या म्हाताऱ्यांकडे किंवा नातलगांकडे. तेव्हा पथक पाठवून उपयोग नाही. माणसे मे महिन्यात परत आलेली असतात आणि पावसाला अजून अवकाश असतो. पीपीआरची लस तीन वर्षे पुरते, म्हणजे एकदा सगळ्या कळपांना टोचून झाल्यावर दर वर्षी मुख्यतः तीन-चार महिन्यांच्या वरच्या नव्या करडांनाच ती द्यायची असते. ती करडे कोणत्या पाड्यावर किती आहेत हे एप्रिलअखेर पशुसखीच्या वहीतून तालुक्याच्या दवाखान्यात कळले, तर किती बाटल्या मागवायच्या, कुठल्या टेकडीखाली कुठल्या दिवशी पन्नास करडे गोळा करायची आणि बर्फ कुठवर न्यायचा, हे जून उजाडण्यापूर्वी ठरवता येईल.